लाइव्ह बॅकलॉग

तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्याला काच आहे, काचेला कुलूप,
किल्ली माझ्या ओढणीच्या सेफ्टी पिनेला.
सगळं ग्रुपवर आधीच आलेलं असतं,
तरी विभागप्रमुख म्हणतात, कागद लागलाच पाहिजे,
तपासणी समितीला कागद दिसतो.
म्हणून मी छापते.
चौदा वर्षं छापतेय.
प्रिंटर उजव्या कडेची शाई खातो,
त्यामुळे पगाराच्या आकड्यातलं शेवटचं शून्य
नेहमीच जरा पुसट.

कोण कसं वाचतं ते मला पाठ आहे.
ग्लेनिशा खालून वर वाचते, आधी तारीख, मग बाकीचं.
घाडीगावकर वाचतच नाही, फोटो काढतो आणि सटकतो,
त्याच्या फोनमध्ये म्हणे सातशे संधी पडून आहेत.
पवईची हॅकेथॉन आली की सगळे आधी जेवणाची ओळ शोधतात.
उबेद मुकादम मात्र काचेवर बोट ठेवून वाचतो,
आणि बोट दर वेळी एकाच ओळीवर अडतं:
'लाइव्ह बॅकलॉग नसावा.'
काच मी रोज पुसते.
डाग रोज तिथेच.

एम-थ्री. अठ्ठावीस. चार मार्कांनी गेलेला.
याच पोराने लॅबमधल्या बारा मेलेल्या मशीनांपैकी
सात उठवली, उरलेल्या पाचांचे अवयव काढून.
पण असल्या कामाला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.
पेपर त्याने पुन्हा तपासायला टाकला होता, कलिन्याला.
कलिन्याहून निकाल येणं म्हणजे
समुद्राने चप्पल परत करणं.
करतो. पण कधी, आणि कुठल्या किनाऱ्याला.

मार्चमध्ये ऐरोलीच्या एका कंपनीचा कागद आला.
यादी शुक्रवारी पाठवायची.
वेळ लिहिलेली नव्हती, नुसतं शुक्रवार.
सर म्हणाले, पाचला पाठवून मोकळ्या व्हा.
मी हो म्हटलं.

पाचला यादी उघडली, बेचाळीस नावं.
आडनावांची स्पेलिंगं तपासली.
सहाला पुन्हा तपासली.
सातला शिपायाने दिवे घालवले, माझ्यावरचा एक ठेवला.
खिडकीबाहेर भांडुपची मिठागरं काळी होत गेली.
मग यादी फोनमध्ये घेऊन घरी आले,
डाळीला फोडणी दिली, ओटा पुसला,
नवऱ्याने विचारलं, कुणाचा फोन यायचाय का?
म्हटलं, नाही, कलिन्याचा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी उबेदचा मेसेज आला.
चौतीस.
तपासताना एक पान उलटायचं राहिलं होतं म्हणे.
ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, मी त्रेचाळिसावं नाव टाइप केलं.
दोनदा चुकलं. हात ओले होते.
आणि नेट नेमकं तेव्हाच गेलं,
ते शेवटी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे सापडलं.
यादी गेली तेव्हा
शुक्रवारची आठ मिनिटं शिल्लक होती.

'ॲप्टिट्यूडलाच उडालो, मॅडम,'
पुढच्या मंगळवारी तो म्हणाला,
आणि बसला प्रिंटरचं पोट उघडून.
'टाकीत दोन नळ होते, एक भरणारा, एक गळणारा,
त्यात वेळ गेला.'
मी काही बोलले नाही. स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.
'रोलर गेलाय,' म्हणाला, 'ऑफिसला लिहून द्या.'
लिहून दिलं.
अजून आलेला नाही.

त्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही,
की मी इथे आले ती याच फळ्यावरून.
धाकट्या भावाची फी भरायला आले होते.
'प्रयोगशाळा साहाय्यक, तात्पुरते पद, अकरा महिने.'
मी इकडेतिकडे पाहिलं,
कागद पिनांसकट उपटला
आणि पर्समध्ये घातला,
दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.
अर्ज एकच आला.
ते अकरा महिने दर जुलैत नव्याने सुरू होतात.

फळ्याला काच त्यानंतर बसली.
किल्ली माझ्याकडे दिली.